फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी त्यांच्याच सोबतीने व्हावी : जनगणना संचालक आणि मुंबई महापालिका आयुक्त यांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र
आणि
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून देशाची जनगणना होत आहे. मागचा प्रघात कायम राहिला, तर फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री आपले प्रगणक मुंबईच्या फुटपाथांवर, उड्डाणपुलांखाली, रेल्वे फलाटांवर आणि देवळांच्या आवारांत उघड्यावर झोपलेल्या माणसांची मोजणी करतील. ती रात्र सरली की या शहरात किती कुटुंबे बेघर आहेत, याचे सरकारी उत्तर पुढच्या अनेक वर्षांसाठी ठरून जाईल. गेल्या खेपेचे उत्तर तर आपण सोळा वर्षे वापरत आलो आहोत. म्हणून त्या रात्रीच्या पुरेसे आधी आपणा दोघांपुढे एक विनंती ठेवत आहे. मुंबईतील बेघर कुटुंबांची मोजणी त्याच फुटपाथांवर राहणाऱ्या स्त्रियांना सोबत घेऊन करावी. ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. याच शहरात, भायखळ्यात, १९८५ साली ती प्रत्यक्षात उतरली होती आणि तिच्यातूनच 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. हा इतिहास आपल्या दोन्ही कार्यालयांच्या कामाशी थेट निगडित असल्यामुळे तो थोडा विस्ताराने मांडतो.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथांवरील झोपड्या हटवून त्यांतील माणसांना आपापल्या गावी परत धाडण्याची घोषणा केली आणि त्याप्रमाणे कारवाईही सुरू झाली. तिच्याविरुद्ध दाखल झालेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने मान्य केले आणि म्हणून कायद्याच्या अभ्यासक्रमात तो आजही आदराने शिकवला जातो. फुटपाथवरील कुटुंबांच्या हाती मात्र त्यातून निराळेच काही आले. फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या पाडू नयेत एवढीच मुदत मिळाली.

त्या निकालातील एक तरतूद आपण दोघांनीही आवर्जून पाहावी, अशी आहे. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना मालवणीत किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे एकाच फुटपाथवर, एकाच भिंतीला टेकून राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला जागा मिळणार आणि दुसऱ्याला मिळणार नाही, हे नऊ वर्षांपूर्वीच्या एका मोजणीने ठरवले होते. प्रगणक आला तेव्हा जे कामावर होते, ज्यांची झोपडी त्याच आठवड्यात उठवली गेली होती, किंवा ज्यांच्या गल्लीत कोणी फिरकलेच नाही, त्यांच्यासाठी निकालात जागा नव्हती. बेघरांच्या मोजणीत सुटलेले नाव पुढे कोणकोणत्या दारांतून परत पाठवले जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

या निकालाच्या आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, भायखळ्याच्या मेघराज सेठी मार्गावरील महापालिका दवाखान्याच्या आवारातील एका गॅरेजमध्ये 'स्पार्क' या संस्थेने काम सुरू केले होते. शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकारी अशा मोजक्या कार्यकर्त्या तिच्यात होत्या. यांपैकी काहींनी नागपाड्यातील एका जुन्या समाजकेंद्रात काम केले होते आणि फुटपाथवरच्या बायकांसाठी तिथल्या चौकटीत फारसे काही होऊ शकत नाही, या जाणिवेने त्या बाहेर पडल्या होत्या. गॅरेजचे दार आजूबाजूच्या बायकांना खुले होते. पोलीस चौकीत कोणाशी बोलायचे, रुग्णालयात केसपेपर कसा काढायचा, शिधापत्रिकेचा अर्ज कुठे द्यायचा, असे प्रश्न घेऊन त्या येत आणि एकीने शोधलेले उत्तर दुसरीला शिकवत. महापालिकेच्याच दवाखान्याच्या आवारात, महापालिका ज्यांना अतिक्रमण मानत होती त्या बायकांचे पहिले केंद्र उभे राहिले. आयुक्त महोदय, ही आपल्या संस्थेच्या इतिहासातील अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे, असे मी मनापासून मानतो.

निकाल लागला आणि ऑक्टोबरअखेरची तारीख जवळ येऊ लागली. आपण कोण आहोत, किती आहोत, कुठून आलो, कोणते काम करतो, हे शहराला सांगितल्याशिवाय कोणी ऐकून घेणार नाही, हे त्या बायकांना आणि 'स्पार्क'च्या कार्यकर्त्यांना कळले होते. म्हणून गणना करायचे ठरले. महापालिकेच्या ई विभागातील, म्हणजे भायखळा परिसरातील, फुटपाथ आणि शहरातील काही प्रमुख रस्ते त्यांनी पायाखाली घातले. गणनेत सुमारे ६ हजार कुटुंबे आणि २७ हजार माणसे नोंदवली गेली, आणि तिचा अहवाल 'वुई, द इन्व्हिजिबल' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. फुटपाथवरचे लोक हंगामी, भटके आणि उपरे आहेत, हा समज त्या आकड्यांपुढे टिकला नाही. बहुतेक कुटुंबे देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांतून आली होती, अनेकजण दहा वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होते, आणि फुटपाथवर राहण्याचे मुख्य कारण कामाची जवळीक हे होते. गाडीभाड्याचा खर्च परवडत नसल्यामुळे चालत गाठता येईल एवढ्याच अंतरावर त्यांना राहावे लागे. शहराला स्वस्तात हमाल, मजूर, घरकामगार आणि फेरीवाले मिळत होते ते याच कुटुंबांतून.

आकड्यांइतकेच महत्त्वाचे मला आणखी एक वाटते. त्या गणनेने मोजणाऱ्यांचे आणि मोजल्या जाणाऱ्यांचे नाते बदलले. आजवर हातात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे झोपडी पाडण्याआधीची पाहणी करणारा, एवढीच त्या बायकांची ओळख होती. या खेपेला प्रश्न कशासाठी विचारले जात आहेत हे त्यांना माहीत होते, उत्तरे त्यांच्या परिचयाच्या माणसांकडे जात होती आणि निष्कर्ष त्यांच्याकडे परत येणार होते. शेजारच्या झोपडीतली कोणती बाई पहाटे कामाला जाते, कोणते कुटुंब बाळंतपणासाठी गावी गेले आहे, कोणी मुलीला नातेवाइकांकडे ठेवले आहे, ही माहिती बाहेरून आलेल्या प्रगणकाला एका भेटीत मिळणे अशक्य असते. शेजारणीला ती न विचारताच ठाऊक असते.

ज्या मोठ्या पाडापाडीची धास्ती होती, ती त्या नोव्हेंबरात झाली नाही. धोका मात्र टळलेला नव्हता, आणि एकत्र आलेल्या बायका पांगल्याही नाहीत. १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवस्त्यांतील सुमारे ५०० स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना आकाराला आली. तिचा पाया बचतीचा होता. रोज वस्तीत फिरून, ज्या घरी जे शक्य असेल ते, रुपया असो वा आठ आणे, गोळा करायचे आणि आजारपण, अटक, गावाकडचा मृत्यू अशा अडीअडचणीला त्यातून कर्ज द्यायचे. बहुतेक जणींना लिहितावाचता येत नसल्यामुळे हिशेबाची त्यांची स्वतःची रीत होती. प्रत्येकीच्या नावाची प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदांचे तुकडे, रंगावरून रक्कम ओळखायची. बँकेत ज्यांना कोणी उभे केले नसते, त्या बायका एकमेकींचा पैसा सांभाळत होत्या. रोज पैसे मागायला जायचे म्हणजे रोज घरची विचारपूस करणे आलेच, आणि संघटना टिकली ती या रोजच्या भेटींमुळे, असे तिचे काम जवळून पाहिलेल्यांनी सांगून ठेवले आहे.

याच सुमारास राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्या सोबत आला. त्याचे नेते जोकिन अर्पुतम यांनी स्वतः पाडकामाचा अनुभव घेतला होता. मानखुर्दची जनता कॉलनी १९७६ साली भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी उठवली गेली आणि तेथील सुमारे ७० हजार लोकांना चीता कॅम्पमध्ये जावे लागले, त्या लढ्यात ते अग्रभागी होते. पुढे २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मोर्चे आणि न्यायालये यांचा दीर्घ अनुभव गाठीशी असलेल्या या माणसाने भायखळ्याच्या बायकांची बचत आणि मोजणी यांत पुढचा रस्ता पाहिला, याला मी फार महत्त्व देतो. महासंघ, महिला मिलन आणि 'स्पार्क' यांची युती तेव्हापासूनची आहे.

शिधापत्रिकेसाठी पत्ता लागतो आणि फुटपाथला पत्ता नसतो, हा अडसर या बायकांनी शिधावाटप कार्यालयाच्या खेपा घालून दूर केला. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या घराचा विचार सुरू केला. घर किती मोठे हवे, हे त्यांनी साडीची लांबी धरून मोजले. छत चौदा फुटांवर घेऊन वर पोटमाळा काढला, तर थोड्या जागेत दोन पिढ्या झोपू शकतात, असे त्यांचे गणित होते. अशा घरांच्या खऱ्या आकाराच्या प्रतिकृती उभारून त्यांनी भायखळ्यात प्रदर्शन भरवले. हे सारे चालू असताना त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे छप्पर होते आणि महापालिकेची गाडी कोणत्याही दिवशी येऊ शकत होती. पुढे १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवरील पात्र कुटुंबांचा समावेश झाला आणि मानखुर्दच्या मिलननगरात त्यांच्यापैकी काहींना पक्की घरे मिळाली. बचतीच्या पहिल्या रुपयापासून घराच्या किल्लीपर्यंत कित्येक कुटुंबांची दीड-दोन दशके गेली. या यशाचा अभिमान बाळगताना ही दिरंगाई विसरता येत नाही, कारण त्या काळात फुटपाथवर जन्मलेली मुले फुटपाथवरच मोठी झाली.

भायखळ्याची ही रीत परदेशातही गेली. १९९१ पासून दक्षिण आफ्रिकेतील झोपडीवासीयांशी देवाणघेवाण सुरू झाली, तिथे बचतगटांचे महासंघ उभे राहिले, आणि १९९६ मध्ये अनेक देशांतील अशा संघटनांचे आंतरराष्ट्रीय जाळे स्थापन झाले. दूरच्या शहरांतल्या पालिका ज्या पद्धतीची गणना स्वीकारतात, ती जिथे जन्मली त्या मुंबईला परकी वाटू नये.

महाराष्ट्र शासनाला तर ती परकी नाहीच. १९८८ च्या सुमारास रेल्वे रुळांलगतच्या झोपड्यांची गणना करायची वेळ आली, तेव्हा शासनाने याच युतीला सोबत घेतले आणि सुमारे १८ हजार कुटुंबांची नोंद झाली. नंतर मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी हजारो कुटुंबांना रुळांपासून हलवावे लागले, त्या वेळी त्या नोंदी आणि वस्त्यांतील संघटन कामी आले. स्वतःची झोपडी स्वतः उतरवून माणसे नव्या जागी गेली. लोकांनी केलेली मोजणी लोक मान्य करतात, हा प्रशासनासाठीही केवढा मोठा लाभ आहे, हे त्या अनुभवातून दिसते. म्हणून आज मागत आहे ती गोष्ट या राज्याच्या प्रशासनाने एकदा करून पाहिलेली आहे.

आता सध्याच्या मोजणीकडे येतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर आढळले, त्यांपैकी सुमारे ९.४ लाख शहरांत होते. मुंबईचा आकडा ५७ हजारांच्या घरात होता. एका ई विभागात आणि काही रस्त्यांवर १९८५ साली २७ हजार माणसे सापडली होती, हे ध्यानात घेतले तर सव्वा कोटी वस्तीच्या अख्ख्या शहरात २०११ साली ५७ हजार, हा आकडा मला अपुरा वाटतो. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, काळही वेगळा आहे, हे मी जाणतो. पण खरी अडचण त्या व्याख्यांतच आहे. जनगणनेच्या दृष्टीने जो इमारतीत किंवा 'जनगणना घरा'त राहत नाही, तो बेघर. भिंतीला टेकवून चार काठ्या आणि प्लास्टिक बांधलेल्या आडोशाला एखादा प्रगणक घर मानतो, दुसरा मानत नाही. दुसरीकडे सरकारने आधी झोपडपट्टी म्हणून जाहीर वा मान्य न केलेल्या वस्तीची जनगणनेत तशी नोंद होण्यासाठी सुमारे ६० ते ७० कुटुंबांची सलग वस्ती लागते. मग एका फुटपाथवर वीस-पंचवीस आडोसे असतील, तर ती कुटुंबे झोपडपट्टीतही धरली जात नाहीत आणि बेघरांतही धरली जातील याची खात्री नाही. मुंबईच्या फुटपाथांवरील बहुसंख्य कुटुंबांचे राहणे नेमके असेच आहे.

त्यात एका रात्रीच्या मोजणीची भर पडते. रात्री उशिरा कोणी गणवेशातला किंवा सरकारी ओळखपत्र लावलेला माणूस आला की फुटपाथवरची बाई मुलांना उठवून गल्लीच्या आत सरकते. भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेतील, सामान जप्त होईल, मुले काढून घेतील, या भीतीला पूर्वानुभवाचा आधार आहे. काही पुरुष रात्रपाळीला असतात. बाजारात माल उतरवण्याचे काम करणारी कुटुंबे ऐन मोजणीच्या वेळी बाजारात असतात. मोठ्या कार्यक्रमांच्या आधी रस्ते मोकळे केले जातात आणि दोन दिवसांनी कुटुंबे परततात. या गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणपुस्तिकेपेक्षा त्या फुटपाथवर राहणारी एखादी पोक्त बाई अधिक नेमकेपणाने सांगू शकेल.

बेघरांसाठीच्या निवाऱ्यांची खरी गरज किती, हेही या मोजणीतून दिसायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे निर्देश दिले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तेच प्रमाण आले, आणि पुरुष, स्त्रिया व कुटुंबे यांच्यासाठी वेगवेगळे निवारे असावेत असेही त्यात म्हटले आहे. २०११ च्या लोकसंख्येवर मुंबईत असे १२० हून अधिक निवारे हवेत. प्रत्यक्षातील संख्या त्याच्या जवळपासही नाही आणि जे आहेत त्यांत आईवडील व मुले एकत्र राहू शकतील असे निवारे फारच थोडे आहेत. बाप एका निवाऱ्यात, आई दुसऱ्यात आणि मोठा झालेला मुलगा तिसरीकडे, अशी व्यवस्था कोणतेही कुटुंब स्वीकारणार नाही. ते फुटपाथवर एकत्र राहणेच पसंत करेल. मग निवारे रिकामे राहतात आणि मागणीच नाही असा निष्कर्ष निघतो. मोजणीत कुटुंब हे कुटुंब म्हणून नोंदले गेले, तर हा निष्कर्ष काढता येणार नाही.

संचालक महोदय, १९४८ च्या जनगणना कायद्यातील गोपनीयतेचे बंधन मला मान्य आहे आणि त्याला धक्का लावण्याची गरजही नाही. बेघर कुटुंबांच्या जागांची प्रभागवार यादी मोजणीच्या किमान महिनाभर आधी तयार करताना त्या जागांवर राहणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या संघटनांना बोलवावे. प्रत्येक जागी प्रगणकासोबत वस्तीतील एक स्त्री वाटाडी म्हणून मानधनावर असावी. प्लास्टिकचा आडोसा घर मानायचा की नाही, याविषयी मुंबईतील सर्व प्रगणकांना एकच लेखी सूचना द्यावी. प्रश्नांची उत्तरे पूर्वीप्रमाणे प्रगणकानेच नोंदवावीत. या खेपेची जनगणना मोबाइलवर होणार असून लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय मिळणार आहे. ज्यांच्याकडे चार्जिंगची जागा नाही, त्यांच्यासाठी ही सोय निरुपयोगी आहे, म्हणून त्यांच्यापर्यंत माणूसच पोहोचला पाहिजे. जातीचीही नोंद होणार असल्यामुळे फुटपाथवर राहणाऱ्या पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त कुटुंबांसाठी ही मोजणी दुहेरी महत्त्वाची आहे. त्यांचे नाव सुटले, तर ते दोन हिशेबांतून सुटेल.

आयुक्त महोदय, आपल्याकडे मागणे थोडे अधिक आहे. मोजणीच्या आधीच्या महिन्यात अतिक्रमण निर्मूलन विभागाने फुटपाथवरील कुटुंबांविरुद्ध कोणतीही कारवाई करू नये, असा लेखी आदेश काढावा, आणि तो त्या कुटुंबांपर्यंत मराठी व हिंदीतून पोहोचवावा, कारण आदेश निघाल्याचे त्यांना कळले नाही तर त्या रात्री ती लपूनच बसतील. जनगणनेच्या तक्त्यात राहण्याची वर्षे, कामाचे अंतर, मुलांची शाळा, शिधापत्रिका यांतले बरेच काही नीट येत नाही. त्यासाठी महापालिकेने स्वतःची प्रभागवार पाहणी या स्त्रियांच्या मदतीने करावी आणि निष्कर्ष आधी त्यांच्यापुढे वाचून दाखवून मग प्रसिद्ध करावेत. सुरुवात ई विभागापासून व्हावी, असे मला वाटते. तिथे १९८५ च्या नोंदी आहेत, त्यांच्याशी ताडून पाहता येईल, आणि त्या गणनेत ज्या मुली होत्या त्यांतील काहीजणी आज त्याच परिसरात आजी झाल्या आहेत. त्यांना बैठकीला बोलवावे. जागा आपल्याच दवाखान्याच्या आवारात मिळू शकेल.

या विनंतीवर आपल्या दोन्ही कार्यालयांनी काय निर्णय घेतला, हे मोजणीच्या पुरेसे आधी जाहीर करावे, म्हणजे फुटपाथवरील संघटनांना आपल्या बाजूची तयारी करायला वेळ मिळेल.

आपला,
मुंबईचा एक रहिवासी